बहुमताची घाई आणि आमचा वेळ

७ मार्च २०२२ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकाच दिवसात एक कायदा संमत केला. महापालिकांचे आणि नगरपालिकांचे प्रभाग पाडण्याचा अधिकार तोवर राज्य निवडणूक आयोगाकडे होता. तो या कायद्याने सरकारकडे आला, आणि आयोगाने तोवर केलेले प्रभागरचनेचे काम रद्द ठरले. एकाही पक्षाने विरोधात मत दिले नाही. चार दिवसांनी, ११ मार्चला, राज्यपालांची सही झाली. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांच्या निवडणुका त्याने लांबल्या. त्या झाल्या जानेवारी २०२६ मध्ये.

कोळसेवाडीत आमचे एक छोटे अभ्यासवर्तुळ आहे. काही शिक्षक, काही कॉलेजातली मुले, दोन-तीन जुने युनियनचे कार्यकर्ते. तिथे मी हा विषय काढला तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "सर, एका दिवसात केला काय आणि सहा महिन्यांनी केला काय, त्यांना करायचा होता तोच कायदा झाला असता. मग दिवस मोजून आपल्याला काय मिळणार?" प्रश्न प्रामाणिक होता. आपल्या चळवळीत कायद्याच्या आशयावर भरपूर बोलले जाते. कायदा कोणत्या वाटेने आला हा प्रश्न आपण वकिलांवर सोडून देतो. मला वाटते, ज्यांच्यामागे संख्या नाही त्यांना हा प्रश्न वकिलांवर सोडणे परवडणारे नाही. असे का वाटते, ते सांगण्यासाठी मला शंभर वर्षे मागे जावे लागेल.

आधी थोडे विधेयकाच्या वाटेविषयी. विधेयक मांडले जाते, त्याच्या प्रती सभासदांना मिळतात, तत्त्वावर चर्चा होते. मग सभागृहाला वाटले तर ते लोकमत अजमावण्यासाठी प्रसृत करता येते, किंवा प्रवर समितीकडे पाठवता येते. दोन्ही सभागृहांची मिळून समिती असेल तर तिला आपल्याकडे संयुक्त चिकित्सा समिती म्हणतात. त्यानंतर कलमवार विचार, दुरुस्त्या, शेवटचे वाचन. मग दुसरे सभागृह, मग राज्यपाल. संविधानाच्या १९७ व्या अनुच्छेदाप्रमाणे विधान परिषदेला साधे विधेयक पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा पाठवल्यावर आणखी एक महिना रोखता येते. याहून जास्त अधिकार वरिष्ठ सभागृहाला नाही. पण हे चार महिनेही लहान नाहीत. ७ मार्चला त्यातला एक दिवसही वापरला गेला नाही. प्रती आधी देण्याची अट शिथिल करता येते, समिती टाळता येते, आवाजी मतदानाने विधेयक उरकता येते. हे सगळे नियमात बसते. म्हणूनच याला बेकायदा म्हणता येत नाही, आणि म्हणूनच त्यावर कोणी ओरडत नाही.

आता १९२८ साल. बाबासाहेब त्या वेळी मुंबई कायदे कौन्सिलात होते, पण निवडून आलेले नव्हते; १९२७ साली सरकारने नेमलेले सभासद होते. अस्पृश्यांचा दुसरा नेमलेला सभासद म्हणजे डॉ. पी. जी. सोळंकी. अशा दोन माणसांच्या बळावर बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी महार वतनाचे विधेयक मांडले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे हे विधेयक होते. महाराने सरकारचे काम रात्रंदिवस करायचे, सारा गोळा करताना पाटील-तलाठ्यामागे धावायचे, टपाल वाहायचे, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचे. तो घरी नसेल तर त्याच्या बापाने किंवा पोराने हजर व्हायचे. मोबदला म्हणून इनामाचा तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते. बाबासाहेबांची मागणी साधी होती. ज्याला या चाकरीतून सुटायचे आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन आपल्या नावावर ठेवता यावी, बलुत्याच्या जागी रोख पैशाची पद्धत यावी, आणि काम कोणते व किती ते ठरवून द्यावे.

हे विधेयक सगळ्या पायऱ्या चढले. ऑगस्टमध्ये चर्चा झाली, प्रवर समिती नेमली गेली, समितीत चिरफाड झाली. सरकारी बाकांना ते नको होते, कारण फुकटात मिळणारा नोकर गेला की त्याच्या जागी पगारी नोकर ठेवावा लागणार होता. अखेर २४ जुलै १९२९ रोजी बाबासाहेबांनी ते मागे घेतले. १९३७ साली त्यांनी वतनाचा प्रश्न पुन्हा सभागृहापुढे आणला. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा झाला १९५८ चा. पहिल्या विधेयकापासून तीस वर्षे. बाबासाहेब तो पाहायला नव्हते.

खोतीचेही तेच. १७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. रत्नागिरी, कुलाबा, ठाणे या भागांतला कुळवाडी, मग तो कुणबी असो, आगरी असो की महार, खोताच्या हाताखाली भरडला जात होता. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. बोटीने आलेले, आगगाडीने आलेले, पायी आलेले. सत्तेवर बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते, आणि काँग्रेसने निवडणुकीत शेतकऱ्याला पुष्कळ वचने दिली होती. तरी त्या विधेयकाचा कायदा झाला नाही. खोती रद्द करणारा कायदा आला १९४९ मध्ये.

याच मंत्रिमंडळाने, याच सभागृहात, सप्टेंबर १९३८ मध्ये औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. संप करण्यापूर्वी तडजोडीची सगळी यंत्रणा पार करण्याची सक्ती, ती पार न करता केलेला संप बेकायदा, आणि बेकायदा संपात भाग घेणाऱ्याला तुरुंग. १५ सप्टेंबरला बाबासाहेबांनी यावर केलेले भाषण प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. त्यांचा युक्तिवाद असा की संप हा दिवाणी स्वरूपाचा करारभंग आहे, गुन्हा नव्हे. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावून नकार दिल्याबद्दल तुरुंगात टाकायचे असेल तर त्याला गुलामगिरीच म्हणावे लागेल. कामगार संघटनांचा आणखी एक आक्षेप होता, आणि या लेखाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा: लाखो कामगारांच्या रोजच्या जगण्याला हात घालणारा हा कायदा सरकार घाईने पुढे रेटते आहे, कामगारांचे म्हणणे नीट ऐकूनही घेत नाही. स्वतंत्र मजूर पक्षाने सभागृहात विरोध केला, जमनादास मेहतांनी केला. संख्या सरकारकडे होती. सप्टेंबरात आलेले विधेयक १९३८ चाच कायदा म्हणून नोंदले गेले.

७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या गिरण्या एक दिवस बंद राहिल्या. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट या संपात एकत्र होते. बाबासाहेब आणि डांगे एका बाजूला उभे. दहा वर्षांपूर्वी हे शक्य नव्हते. १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारले होते की विणकाम खात्यात अस्पृश्याला प्रवेश का नाही. धोट्यात धागा ओढताना तो तोंडाने चोखावा लागे, आणि विटाळाच्या भीतीने सवर्ण कामगार आपल्या माणसाला त्या खात्यात येऊ देत नसे. तो प्रश्न १९३८ मध्येही संपला नव्हता. तरी बाबासाहेब संपात उतरले, कारण तो कायदा त्यांच्या मते स्पृश्य-अस्पृश्य दोघांच्याही पायातली बेडी होती. त्या दिवशी पोलिसांनी लाठ्या चालवल्या, गोळ्या चालवल्या. गृहमंत्री कन्हैयालाल मुन्शी होते.

ही तीन विधेयके शेजारी शेजारी ठेवून पाहा. वतनाचे विधेयक तीस वर्षे, खोतीचे बारा वर्षे, संपबंदीचे काही आठवडे. सभागृह तेच. चाल मात्र कोणाचे विधेयक आहे त्यावर ठरते.

इथे माझ्या वर्तुळातला एक जुना कार्यकर्ता मला अडवतो, आणि त्याचे अडवणे मला पटवून घ्यावे लागते. तो म्हणतो, "तुम्हीच सांगता की वतनाचे विधेयक प्रवर समितीत गाडले गेले. मग प्रवर समितीची तरफदारी कशाला करता? या पायऱ्या म्हणजे आपल्याला थकवण्याचा जिना आहे." त्याचे बरोबर आहे. प्रवर समितीत कोण बसते? संस्थांचे कारभारी, वकील, जमीनदार. १९२८ साली तिथे महार वतनदार कितीसा शिरणार होता? प्रक्रिया आपोआप न्यायाची नसते, आणि तसे सांगणारे प्राध्यापक आपल्याला भरपूर भेटतात. त्यांना वतनाचे विधेयक दाखवावे.

तरीही मी पायऱ्यांची बाजू घेतो. बहुमताला वेळ लागत नाही. त्याच्याकडे संख्या तयार असते, हात वर केले की काम झाले. वेळ लागतो तो ज्यांच्याकडे संख्या नाही त्यांना. खोताच्या गावातल्या कुळाला कायदा कळायला वेळ लागतो, कळल्यावर शेजारच्या गावाला सांगायला वेळ लागतो, वर्गणी काढून बोटीचे भाडे जमवायला वेळ लागतो. खोतीचे विधेयक सप्टेंबरात मांडले गेले आणि मोर्चा जानेवारीत निघाला. मधल्या चार महिन्यांत कोकणच्या गावोगाव सभा झाल्या म्हणून ती माणसे मुंबईत दिसली. विधेयक सभागृहापुढे आहे हे कळल्यामुळेच सभांना विषय मिळाला. वतनाचे विधेयक पडले, पण त्याच्या निमित्ताने सरकारला तोंडाने सांगावे लागले की महाराची चाकरी का हवी आहे. ते सगळे कौन्सिलच्या कामकाजात छापले गेले. आज आपण ते वाचू शकतो. ७ मार्च २०२२ चे कामकाज काढून वाचले तर आपल्या वस्त्यांच्या प्रश्नावर त्यात काय सापडेल? कोणी काही बोललेच नाही, तर छापणार काय?

आता वटहुकुमांविषयी, कारण आपल्या दोन शहरांच्या निवडणुकांचा गुंता तिथूनच सुरू झाला. सभागृह चालू नसताना तातडीची गरज पडली तर राज्यपालांनी वटहुकूम काढावा, आणि सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तो संपावा, अशी २१३ व्या अनुच्छेदाची रचना आहे. घटना समितीत वटहुकुमाच्या अधिकारावर आक्षेप आले तेव्हा बाबासाहेबांनी या अधिकाराचे समर्थनच केले होते. हे लपवण्याचे कारण नाही. सभागृह बसलेले नाही आणि संकट उभे आहे, तर सरकारने हात बांधून बसावे का, हा त्यांचा मुद्दा होता. वटहुकूम हा सभागृहाला पर्याय होईल, ही कल्पना त्या समर्थनात कुठेच नाही.

पुढे काय झाले ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या डॉ. डी. सी. वाधवा यांनी खणून काढले. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम संपत आले की पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले होते, काही वर्षभर, काही चौदा वर्षांपर्यंत. ऊसाविषयीचा एक वटहुकूम जवळजवळ चौदा वर्षे विधानसभेपुढे न येता चालला. सभागृह भरत होते, उठत होते, आणि त्याच्या पाठीमागे दुसरेच कायदे राज्य चालवत होते. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने याला संविधानाशी केलेली लबाडी ठरवले. पुण्यात बसलेला एक संशोधक पाटण्याच्या राजपत्रांची चळत उलगडत बसतो आणि एका राज्याची चोरी पकडतो, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. राजपत्र वाचणे हेही चळवळीचे काम आहे. जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने पुन्हा बजावले की असे वटहुकूम पुन्हा काढणे घटनाबाह्य आहे. ते प्रकरणही बिहारचेच, संस्कृत शाळांच्या शिक्षकांचे. वटहुकुमाने सरकारी झालो असे समजून बसलेले ते शिक्षक होते. घाईच्या कायद्यावर विसंबलेला माणूस अखेर कुठे उभा राहतो, याचा तो नमुना.

आपल्याकडे सप्टेंबर २०२१ मध्ये असेच घडले. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की स्थानिक संस्थांत इतर मागासवर्गीयांना जागा राखायच्या तर आधी आयोग नेमा, मागासलेपणाची प्रत्यक्ष माहिती गोळा करा, आणि एकूण राखीव जागा निम्म्यावर जाऊ देऊ नका. ओबीसी बांधवांचा हक्क खरा आहे, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. माहिती गोळा करणे हे कष्टाचे काम होते. त्याआधीच सरकारने वटहुकूम काढला. डिसेंबरात न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि त्या जागा खुल्या म्हणून भरायला सांगितल्या. ज्यांच्या नावाने घाई केली त्यांच्याच जागा गेल्या. मग ७ मार्चचा कायदा आला. त्याच्या समर्थनात सांगितले गेले की ओबीसींना न्याय मिळेपर्यंत निवडणुका थांबवायला वेळ हवा. वेळ सरकारने मागितला आणि स्वतःला घेतला. सभागृहाला मात्र एक दिवस दिला.

आकड्यांचा खेळ तर त्याहून विलक्षण. कल्याण-डोंबिवलीत २०१५ च्या निवडणुकीत १२२ नगरसेवक होते आणि एका प्रभागातून एकच निवडला गेला होता. पुढे सरकारने जागा वाढवल्या. नव्या रचनेत १३३ झाल्या, तीन-तीन नगरसेवकांचे प्रभाग झाले. ठाण्याच्या १३१ च्या १४२ झाल्या. २०२२ च्या जूनमध्ये सरकार बदलले, ऑगस्टमध्ये पुन्हा वटहुकूम निघाला, आणि जागा होत्या तेवढ्याच झाल्या. एका वर्षात दोनदा उलथापालथ, आणि दोन्ही वेळा सुरुवात वटहुकुमाने. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकले ते ६ मे २०२५ पर्यंत. त्या दिवशी न्यायालयाने निवडणुका घ्यायला फर्मावले.

वरवर हा पक्षांचा हिशेब दिसतो. आपल्या वस्तीत उतरून पाहा. अनुसूचित जातींसाठी राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, आणि प्रभागाची रेघ कुठून जाते त्यावर एखादी बौद्ध वस्ती एकसंध राहते की दोन-तीन तुकड्यांत विरघळते हे ठरते. एका नगरसेवकाच्या प्रभागात आपल्या वस्तीला स्वतःचा माणूस निवडता येतो. चार नगरसेवकांच्या मोठ्या प्रभागात राखीव जागेचा उमेदवारही पॅनेलच्या पुढाऱ्याच्या मेहरबानीवर उभा राहतो. म्हणजे प्रभागरचना हा आपल्या प्रतिनिधित्वाचा गाभा आहे. १९३२ साली ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हीच भीती मांडली होती: अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची खात्री नसेल तर गावाची सत्ता गावाच्या हाती देणे म्हणजे आम्हाला त्याच गावाच्या ताब्यात देणे. त्या विषयाला दोन सभागृहांत मिळून एक दिवस.

शिवाय प्रशासक. कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर अंदाजपत्रक प्रशासकाने मांडायचे आणि प्रशासकानेच मंजूर करायचे. कल्याणला हे नवीन नाही. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ आणि आसपासची गावे एकत्र करून इथली महापालिका झाली, आणि पहिली निवडणूक झाली १९९५ मध्ये. बारा वर्षे लोकांवाचून महापालिका चालली. त्याच बारा वर्षांत मराठवाड्यातून, सोलापुरातून, खानदेशातून आलेली आपली माणसे रेल्वेच्या रुळांलगत, डोंगरउतारावर, खाडीकाठी वसत होती. पाण्याचा नळ कोणाकडे मागायचा, हे त्यांना सांगणारे निवडून आलेले कोणी नव्हते.

गावांचाही तोच अनुभव. महापालिकेत घेतलेल्या २७ गावांपैकी १८ गावे २०२० मध्ये सरकारने एका अधिसूचनेने वगळली. महापालिकेशी सल्लामसलत करण्याची पायरी त्यात गाळली गेली, आणि डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. गावे महापालिकेत असावीत की नसावीत यावर लोकांत दोन मते आहेत, आमच्या वर्तुळातही आहेत. पण ज्या सभागृहाला विचारायचे ते तेव्हा अस्तित्वात होते. विचारले असते तर काय बिघडले असते?

याच्या उलट प्रकारही आपण भोगला आहे, आणि 'अमुक इतक्या एकमताने' या शब्दांवर भाळणाऱ्यांनी तो विसरू नये. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी एकमताने केला. तिथेही कोणी विरोध केला नाही. पण तो ठराव होता, कायदा नव्हे. विद्यापीठाचे नाव कायद्यात असते. ते बदलायला विधेयक लागते. विधेयक आले नाही, आणि सभागृहात गप्प बसलेला विरोध त्याच रात्रीपासून मराठवाड्यातल्या गावांत बोलू लागला. घरे जळाली, विहिरी बाटवल्या, पोचिराम कांबळे मारले गेले. दहा माणसे सभागृहात उठून विरोधात बोलली असती तर निदान नावे कळली असती, त्यांना उत्तर देता आले असते. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. साडेपंधरा वर्षे. एकमत हे नेहमीच सहमतीचे चिन्ह असते असे नाही. पुष्कळदा ते वाद टाळण्याचे साधन असते. मार्च २०२२ चे एकमत मी त्याच जातीचे मानतो. सगळ्याच मोठ्या पक्षांना प्रशासक सोयीचा होता.

आता एक ताजे उदाहरण, ज्यात पायरी गाळली गेली नाही. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मांडले गेले. ते अधिवेशनाच्या अखेरीस मांडल्यामुळे रखडले, डिसेंबरात पुन्हा आले, आणि या वेळी संयुक्त चिकित्सा समितीकडे गेले. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. आमच्या भागातूनही पत्रे गेली. मुलांनी ती गटागटाने बसून लिहिली, मी फक्त शुद्धलेखन पाहिले. 'व्यक्ती आणि संघटना' असे सैलपणे पसरलेले शब्द समितीत आवळले गेले. विधेयकातला धोका माझ्या मते त्याने संपला नाही. बेकायदा कृत्याची व्याख्या अजूनही अशी आहे की उद्या मोर्चालाही ती लावता येईल. पण वर्षभरात महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्याला ते विधेयक कलमवार पाठ झाले. जुलै २०२४ मध्येच ते घाईने संमत झाले असते तर हे काहीच घडले नसते.

१० जुलै २०२५ रोजी विधानसभेत ते आवाजी मतदानाला आले. उघड विरोध करणारा आमदार एक होता, डहाणूचा विनोद निकोले. डहाणू २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले शामराव परुळेकर पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि गोदावरीबाईंबरोबर याच भागात वारल्यांची वेठ मोडायला उतरले. त्याआधी, जानेवारी १९४५ मध्ये, किसान सभेचे अधिवेशन झाले ते आपल्या टिटवाळ्याला. उंबरगावहून काही वारली तिथे आले होते, आणि परत जाऊन त्यांनी वेठीला नकार दिला. दुसऱ्या दिवशी, ११ जुलैला, विधेयक परिषदेत संमत झाले.